राखीव जागा आणि एकटा विद्यार्थी

‘डॉक्टरला जात नसते’ हे वाक्य वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात वारंवार ऐकू येते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाबद्दल ते खरे असावे, अशी इच्छा कोणीही सुजाण माणूस बाळगील. परंतु हे वाक्य उच्चारले जाते ते रुग्णाच्या उशाशी नव्हे, तर अधिष्ठात्यांच्या दालनात. आणि तेही बहुधा एका ठराविक प्रसंगी. महाविद्यालयातील चार भिल्ल, दोन पावरा, एखादा गोंड, एखादी कोकणा विद्यार्थिनी एकत्र येतात, ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन किंवा १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती साजरी करण्यासाठी एखादे व्याख्यानगृह मागतात, आणि मग त्यांना ऐकवले जाते की येथे सर्व विद्यार्थी समान आहेत, जातीपातीचे गट येथे नकोत. ज्या व्यवस्थेने प्रवेशाच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘एस. टी.’ ही अक्षरे छापून ती यादी सर्वांच्या हाती दिली, पहिल्याच दिवशी ‘नीटला किती गुण?’ असे चारचौघांत विचारणाऱ्यांकडे काणाडोळा केला, तिलाच हे विद्यार्थी एका बाकावर बसताच समतेची आठवण व्हावी, यातील विसंगती उघड आहे. जमात मोजलेली चालते. जमात बोललेली चालत नाही.

राखीव जागांविषयीचा वाद महाराष्ट्रात गेली पन्नास वर्षे प्रवेशद्वारापाशीच अडून राहिला आहे. आत कोण गेला, किती गुणांनी गेला, एवढेच विचारले जाते. आत गेलेल्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न विरोधकांनी विचारला नाही यात नवल नाही. पुरोगामी चळवळीनेही तो क्वचितच विचारला, हे मात्र खेदपूर्वक नमूद केले पाहिजे. राखीव जागा समाजाला मिळते, परंतु प्रवेश मिळतो तो एकेकट्या व्यक्तीला. समाजाच्या नावाने आत आलेला विद्यार्थी आत येताच समाजापासून तोडला जातो, आणि मग त्याच्या अपयशाचे खापर पुन्हा समाजावर फोडले जाते. हे एकाकीपण अपघाताने निर्माण झालेले नाही. ते मोडून काढण्यासाठी आदिवासी विद्यार्थ्यांनी आपापल्या महाविद्यालयांत जे मंच उभे केले आहेत, ते जातीयवादाचे अड्डे नसून राखीव जागेच्या तत्त्वाचा अपुरा राहिलेला अर्धा भाग आहेत.

प्रथम हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के आहे. राज्याच्या राखीव जागा मात्र ७ टक्के. शंभर जागांच्या शासकीय महाविद्यालयात अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा जागा वगळल्या की उरलेल्या पंच्याऐंशींत आदिवासींच्या वाट्याला सहा जागा येतात. कोट्यातून आणखी एखादी. हा अखिल भारतीय कोटा १९८६ पासून अस्तित्वात आहे, पण त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. एकवीस वर्षे या जागा बिनदिक्कत खुल्या होत्या, आणि त्या काळात गुणवत्तेच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांपैकी कोणालाही हा अन्याय दिसला नव्हता. अभिमत विद्यापीठांच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा दरवाजा तर पैशाच्या किल्लीनेच उघडतो. तेथे राखीव जागांची वार्ताही नाही.

गुणवत्तेची कथाही एकदा पुरती सांगून टाकावी. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ची पात्रता सर्व प्रवर्गांकरिता शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. कारण उघड होते : जागा रिकाम्या पडत होत्या, आणि रिकाम्या जागेतून शुल्क मिळत नाही. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचे वीस-तीस गुण कमी पडले म्हणून रुग्णांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्यांपैकी किती जण त्या दिवशी रस्त्यावर उतरले? गुणवत्ता ही विकत घेणाऱ्याच्या बाबतीत लवचीक आणि सामाजिक न्यायाच्या बाबतीत पोलादी असते.

आता दाराच्या आतले चित्र. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. तिचा अहवाल २००७ चा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या ज्या विद्यार्थ्यांशी समिती बोलली, त्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांनी शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नसल्याचे सांगितले. वसतिगृहांत छळामुळे हे विद्यार्थी खोल्या सोडून ठराविक मजल्यांवर एकत्र गोळा झाल्याचे समितीला आढळले. याला कोणी गट करणे म्हणत असेल तर म्हणो. बहिष्कृत वस्तीची निर्मिती गावातही अशीच झाली होती. संस्थेच्या प्रशासनाने अहवाल अमान्य केला. पुढे दिल्लीतीलच दुसऱ्या एका वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागांवरील विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्र या एकाच विषयात वारंवार नापास होत असल्याच्या प्रकरणाची चौकशी भालचंद्र मुणगेकर यांनी केली आणि २०१२ मध्ये भेदभाव झाल्याचा निष्कर्ष नोंदवला. वैद्यकीय शिक्षणात तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक यांना असलेले महत्त्व लक्षात घेतले, म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते. लेखी उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते; तोंडी परीक्षेत ते परीक्षकासमोर उभे असते.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांपुढे आला तो डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची ही मुलगी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एम. बी. बी. एस. झाली आणि मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातिवाचक छळ केल्याची तिच्या कुटुंबीयांची तक्रार आहे; आरोपींनी आरोप नाकारले आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा एक प्रश्न उरतोच. मुलीला त्रास होत असल्याचे कुटुंबीयांनी आधीच विभागात सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे तक्रार घेऊन जावे लागले ते आईला आणि नवऱ्याला. एवढ्या मोठ्या संस्थेत त्या मुलीच्या बाजूने, तिच्याबरोबर, विभागप्रमुखांच्या दारात उभे राहील असे एकही संघटित व्यासपीठ नव्हते. धर्माने मुस्लिम आणि जमातीने आदिवासी असलेल्या तडवी समाजातील मुलीला तर ‘तू आदिवासी कशी?’ या प्रश्नालाही सामोरे जावे लागते.

त्याच वर्षी तिची आई आणि रोहित वेमुलाची आई या दोघींनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेविषयीचे विनियम कागदावरच राहिले आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे विनियम काढले. त्यांविरुद्ध खुल्या प्रवर्गातून गदारोळ उठला आणि महिना संपण्याच्या आत न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. दोन मातांना नियमाचा कागद मिळवण्यासाठी सहा वर्षे लागली. तो थांबवण्यासाठी दुसऱ्या बाजूला तीन आठवडेही लागले नाहीत. संघटित आणि असंघटित यांच्यातील अंतर मोजण्याचे याहून नेमके परिमाण शोधून सापडणार नाही.

प्रतिनिधित्वाच्या नावाने महाविद्यालयांत जे चालते, तेही पाहण्यासारखे आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गाचा प्रतिनिधी परीक्षेतील गुणांवरून नेमण्याची प्रथा पडली. ज्याला सर्वांत जास्त गुण, तो सर्वांचा प्रतिनिधी! लोकशाहीची ही व्याख्या एखाद्या नगरपालिकेला लावली तर हसू होईल. पण शिकल्यासवरल्या लोकांनी ती एक पिढीभर गंभीरपणे चालवली. आश्रमशाळेतून आलेली, पहिली दोन वर्षे इंग्रजीशी झगडणारी मुलगी या पद्धतीने कधीही प्रतिनिधी होणार नव्हती. वर कोणी एक आदिवासी मोठ्या पदावर बसला म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. राज्याचे वैद्यकीय शिक्षण खाते काही काळ एका आदिवासी नेत्याच्याच हाती होते. वसतिगृहातील एकट्या विद्यार्थ्याचे एकटेपण त्यामुळे उणावले नाही.

आणि ज्या जागा कागदावर आहेत, त्या तरी खऱ्या आदिवासींना मिळाल्या काय? बोगस दाखल्यांचा इतिहास वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासाशी जोडलेला आहे, हे फारसे सांगितले जात नाही. जात पडताळणी समित्यांची आजची रचना ज्या १९९४ च्या निवाड्यातून आली, तो खटला वैद्यकीय शिक्षणाच्या राखीव जागांवरील प्रवेशातूनच उद्भवला होता. त्याहून बोलके प्रकरण २००० सालचे. १९८५-८६ मध्ये ‘हलबा’ म्हणून वैद्यकीय प्रवेश घेतलेल्या कोष्टी समाजातील विद्यार्थ्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांनी फेटाळला. हलबा-कोष्टी ही अनुसूचित जमात नव्हे, असे स्पष्ट सांगितले. मात्र एवढा काळ लोटला, समाजाचा पैसा खर्च झाला, एक डॉक्टर वाया जाऊ नये, म्हणून त्याची पदवी कायम ठेवली. न्यायालयाची कणव समजण्यासारखी आहे. पण १९८५ साली त्या जागेवर बसू न शकलेला कोणी एक खरा हलबा किंवा गोंड तरुण आज साठीला पोहोचला असेल. त्याचे नाव कोणत्याही निकालपत्रात नाही. असे संरक्षण देता येणार नाही, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले ते २०१७ मध्ये. आणि तरीही डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने, जमातीचा दावा सिद्ध न झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी अधिसंख्य पदे निर्माण करून त्यांना सेवेत ठेवण्याची वाट काढलीच.

या लुटीचा दुसरा बळी खरा आदिवासी विद्यार्थीच असतो. बोगसांमुळे संशयाची सुई त्याच्याकडेही वळते. आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. येथेच विद्यार्थ्यांच्या मंचांचे खरे काम दिसते. ते भाषणांचे काम नाही. पडताळणीच्या फाइलीत कोणता महसुली उतारा लावावा हे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतो. वरिष्ठांचा बोन-सेट आणि ग्रंथ धाकट्यांकडे जातात. शिष्यवृत्ती वर्षाअखेरीस येते आणि मेसचे पैसे दरमहा द्यावे लागतात, तेव्हा वर्गणी काढली जाते. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. शुल्क माफ असते, उपकरणे माफ नसतात. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरण्यापासून जी खरेदीची जंत्री सुरू होते ती संपत नाही. शिवाय कवळ्या बसवण्यापासून दात भरण्यापर्यंत ठराविक संख्येचे रुग्ण प्रत्येकाने पुरे करावयाचे असतात. शहरातला विद्यार्थी आत्याला, शेजाऱ्याला, वडिलांच्या कचेरीतल्या शिपायाला खुर्चीत आणून बसवतो. धडगावच्या विद्यार्थ्याने मुंबईत कोणाला आणावे? हा प्रश्न अभ्यासक्रम आखणाऱ्यांपैकी कोणाच्या मनातही आला नसेल. मंचातील मुलांनी मात्र तो आपापसांत रुग्ण वाटून घेऊन सोडवला, तर त्याला गटबाजी म्हणतात.

रुग्णालयाच्या दृष्टीनेही हे प्रतिनिधित्व उपकाराचे नव्हे. भारतातील आदिवासींत सिकलसेलची नोंद प्रथम झाली ती १९५२ मध्ये, निलगिरीत. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली २०२३ मध्ये. मधल्या सत्तर वर्षांत पावरा, भिल्ल, गोंड, माडिया घरांतील मुले सांधे धरून रडत राहिली. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद ज्याच्या घरात घडला आहे, असा विद्यार्थी वर्गात असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. मेळघाटातून आलेल्या कोरकू बाईचे दुखणे कोरकूतच कळते. मात्र आदिवासी विद्यार्थ्याला फुकटचा दुभाष्या म्हणून वॉर्डावॉर्डांतून फिरवणे आणि परीक्षेत त्याचीच भाषा अडाणी ठरवणे, हा प्रकार प्रतिनिधित्वाच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही.

जगात इतरत्रही मूळनिवासी विद्यार्थ्यांना हाच मार्ग धरावा लागला. अमेरिकेत पहिला मूळनिवासी दंतवैद्य पदवीधर झाला तो १९५६ मध्ये, आणि मूळनिवासी डॉक्टरांची देशव्यापी संघटना उभी राहिली १९७१ मध्ये. ऑस्ट्रेलियातील पहिली मूळनिवासी डॉक्टर तर १९८३ ची. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने डॉक्टरांचा वर्ग हा समाजाचा आरसा असावा असे धोरण स्वीकारले; २०२० मध्ये त्या जागांवर मर्यादा घालण्याचा विचार पुढे आला, तेव्हा माओरी डॉक्टर आणि विद्यार्थी एकमुखाने विरोधात उभे राहिले आणि तो विचार सोडून द्यावा लागला. तेथे धोरण टिकले ते विद्यापीठाच्या औदार्याने नव्हे.

येथे पक्षातील काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. स्वतंत्र आदिवासी मंचांमुळे निवासी डॉक्टरांची आणि विद्यार्थ्यांची एकजूट फुटते, वेतनाच्या आणि कामाच्या तासांच्या लढ्याला जातीचे वळण लागते, असे ते म्हणतात. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण इतिहासाला धरून नाही. १९७० च्या भूमी-आंदोलनात समाजवाद्यांबरोबर तुरुंगात गेलेल्या काळूराम धोदडे यांनी पुढे पालघरच्या परिसरात भूमिसेना उभी केली, ती का? सत्याग्रह झाला, छायाचित्रे छापून आली, नेते परतले, आणि जमीन सावकाराकडेच राहिली म्हणून. आदिवासींचा लढा आदिवासींनीच चालवावा, बाहेरच्यांनी सोबत यावे पण पुढे बसू नये, हा धडा त्या तरुणाने समाजवाद्यांनाच शिकवला होता. त्याच सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराजांच्या भोवती हेच घडत होते. तो धडा जमिनीच्या प्रश्नापुरता होता आणि शवविच्छेदनगृहाच्या दारात तो लागू होत नाही, असे समजण्याचे कारण नाही. ‘विशेष संधी’चा सिद्धांत मांडताना डॉ. लोहियांनी शंभरात साठ जागा मागितल्या होत्या. पण त्यांना नेतृत्व अपेक्षित होते, नुसती हजेरी नव्हे. जुलै २०१८ मध्ये वसतिगृहातील जेवणाऐवजी खात्यात पैसे देण्याच्या धोरणाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, तेव्हा त्यांना कोणी नेता पुरवावा लागला नव्हता.

अर्थात या मंचांनाही काही सुनावले पाहिजे. आदिवासींतील ज्या जमातींत दोन पिढ्यांपूर्वी शिक्षण आणि नोकरी पोहोचली, त्यांचीच मुले या मंचांत बहुसंख्येने दिसतात. कातकरी किंवा कोलाम विद्यार्थी वैद्यकीय वर्गात दिसला तर अजूनही वृत्तपत्रात बातमी होते. मंच जर पदव्युत्तर प्रवेशाच्या माहितीकेंद्रापुरते उरले, आणि पदवी हाती पडताच त्यातील डॉक्टर नाशिकच्या वा पुण्याच्या रुग्णालयात भागीदार होऊन मोकळे झाले, तर माडिया आणि कातकरी पाड्यांच्या दृष्टीने सवर्ण डॉक्टरांत आणि त्यांच्यात फरक राहणार नाही. हा प्रश्न त्यांना विचारण्याचा अधिकार मात्र पाड्यावरच्या माणसांना आहे. आपल्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्यांना तो नाही.

नंदुरबार जिल्ह्यात शेकडा ६९ लोक आदिवासी आहेत. तेथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीत २०२४ मध्ये. परंतु जागांचा हिशेब राज्याचा असल्यामुळे या महाविद्यालयांतही शंभरांच्या वर्गात आदिवासींसाठी तेवढ्याच सहा-सात जागा. वॉर्ड आदिवासींनी भरलेला आणि वर्ग त्यांच्यावाचून रिकामा! पक्षाच्या त्या दोन जिल्ह्यांतील शाखांनी या जागा वाढवण्याची मागणी पुढील अधिवेशनापूर्वी लोकप्रतिनिधींकडे नेली पाहिजे. प्रवेशानंतरच्या सर्व याद्यांतून प्रवर्गाचा रकाना काढावा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला आदिवासी प्रतिनिधी असावा, अनुसूचित जमातींची अध्यापकपदे भरावीत, या मागण्या मंच स्वतः करीतच आहेत. त्यांना पाठिंब्याची पत्रे हवी आहेत आणि अधिष्ठात्यांकडे जाताना सोबत चार माणसे हवी आहेत. यंदाच्या ९ ऑगस्टला कोठे व्याख्यानगृह नाकारले गेले, तर पक्षकार्यालयाची खोली त्या मुलांना मोकळी करून द्यावी, सतरंजी आणि चहा यांची व्यवस्था करावी. व्यासपीठावर मात्र पक्षाचा वक्ता बसवू नये.